रत्नदुर्गवरची ओळ

लॅपटॉपवर जागा उरली नव्हती म्हणून योगिनी जुन्या फाइली उडवत बसली होती. सगळ्या एकदम उडवल्या असत्या तर दोन मिनिटांचं काम. पण कचराही बघून टाकायचा, हा तिचा स्वभाव. चौदा ऑक्टोबरची फाइल तिने उघडली, वरवर चाळली आणि एका ओळीशी ती थांबली.

टर्मिनलचा काळा चौकोन उघडायचा, लॉगिन टाकायचं आणि मासेमारी बोटींच्या नोंदी ठेवणाऱ्या माळनाक्याच्या ऑफिसात बसून लांबच्या मशीनवर शिरून काम करायचं, हा तिचा रोजचा उद्योग. चौकोनात जे काही टाइप होईल ते आपोआप एका फाइलीत उतरायचं. ती नवीन होती तेव्हा तिच्या वरच्या जागेवर असलेल्या संदेशनेच ही सोय तिला करून दिली होती. मशीनांना नावं किल्ल्यांची: खरा कारभार रत्नदुर्गवर, मोडतोड करून बघायची ती गोपाळगडवर. प्रत्येक ओळीच्या आधी मशीनचं नाव आणि वेळ येते. ते बघूनच हात चालवायचा असतो. पण दोन्ही चौकोन सारखेच काळे, आणि रोज बघणाऱ्याला ते नाव दिसेनासं होतं.

त्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला तिने चाचणीच्या याद्या पुसल्या होत्या. तिला चांगलं आठवत होतं. ओळीच्या आधी गोपाळगड असायला हवं होतं. रत्नदुर्ग होतं.

तिने ती ओळ पडद्यावर बोट ठेवून तीनदा वाचली. 

त्या दिवशी दुपारी बंदरावर वादळाचा बावटा लागला होता. मच्छीमार सोसायटीने समुद्रातल्या बोटींची यादी मागितली, आणि रत्नदुर्गवर यादीच नव्हती. आदल्या रात्रीची प्रत होती, पण पहाटे कोण कोण गेलं ते तिच्यात कुठून असणार? अंधार पडेपर्यंत बायका धक्क्यावर उभ्या होत्या. सगळ्या बोटी परतल्या. सर्वांत शेवटी आली महिपत तांडेलांची. महिपत म्हणजे संदेशचे बाबा.

ऑफिसात चौघांचं लॉगिन एकच, त्यामुळे कुणी पुसलं ते कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी विचारलं, तेव्हा संदेश स्वतःच पुढे झाला. तो त्याच वेळी रत्नदुर्गवर जुन्या याद्या साफ करत होता. "माझ्याच हातून झालं असणार," म्हणाला आणि राजीनामा लिहून मोकळा झाला. योगिनीला फार वाईट वाटलं होतं. तिने त्याला कोपऱ्यावर नेऊन चहा पाजला होता, कुणाच्याही हातून होतं म्हणून समजूतही घातली होती. पुढच्या महिन्यात त्याची जागा तिला मिळाली.

आता त्या समजुतीची तिला किळस आली. फाइल एकच होती, तिच्याच लॅपटॉपवर. एक बटण दाबलं असतं तर जगात कुणालाही कळलं नसतं. लॅपटॉप काखेत मारून ती जिन्यात आली आणि विचार बदलायच्या आत तिने संदेशला फोन लावला.

"काय गो योगिनी! आज कशी आठवण झाली?"

"कुठे आहेस?"

"घराकडेच, पूर्णगडला. जाळं दुरुस्त करतोय."

"नोकरी बघतोयस ना कुठे?"

"नको गो. कीबोर्ड समोर आला की हात थरथरतो. आपल्याच बापाचं नाव पुसणारा हात तो." तो हसल्यासारखं करून थांबला. "वाडीतली माणसं बोलली, त्याचं काय नाय. पण बाबा पाच महिने माझ्याशी बोलत नायत. एका घरात राहतो आम्ही."

"संदेश, ते तू नाही केलंस."

"जाऊ दे गो. तेव्हाही तू माझी समजूतच काढत होतीस."

"ऐक ना माझं! त्या दिवसाची फाइल आहे माझ्याकडे. गोपाळगड समजून मी..." पुढे तिला बोलवेना. तिने लॅपटॉप पायरीवर ठेवला आणि ती ओळच वाचून दाखवली. मशीनचं नाव, वेळ, आज्ञा.



"परत वाच."

तिने परत वाचली.

"म्हणजे मी नाय," संदेश म्हणाला. मग पुन्हा, अगदी हळू, "मी नाय ते."

त्याने आपल्याला तोंडाला येईल ते बोलावं, याची ती वाट बघत होती. त्याने तिला साधा दोषही दिला नाही, आणि तेच तिला सोसेना.

"मी आत्ता साहेबांकडे जाते. सगळं सांगते."

"साहेब राहू देत मागाहून. तू फोन ठेवू नको."

चालल्याचा आवाज आला. दार करकरलं.

"बाबा, जरा फोन घ्या."

उत्तर आलं नाही.

"घ्या हो. माझं नाय ऐकत, तर तिचं तरी ऐका."

 मग इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय असलेला एक जाड आवाज तिच्या कानावर आदळला.

"हालो! कोन बोलतंय?"

योगिनीने जिन्याचा कठडा घट्ट धरला आणि आपलं नाव सांगितलं.