शेपटीखालचा ओला कापूस

तलासरीजवळच्या एका प्रयोगशाळेत चंद्रिका उंदरांचं बघायची. मूत्राशय भरल्याची खबर मेंदूला देणाऱ्या नसा तिथे औषधानं बधिर करत. मग पिशवी तट्ट फुगली तरी जनावराला पत्ता नसायचा. चंद्रिका दिवसातून दोनदा एकेकाचं पोट दाबून मूत काढायची.

आई मेलेल्या करडाला मुतवायला तिच्या पाड्यावर शेपटीखाली ओला कापूस फिरवतात, शेळी चाटते तसा. तिनं एकदा उंदरावर तेच केलं आणि उंदीर मुतला! ती प्रयोग करणाऱ्या मनिषसरांना ओढतच घेऊन आली.

"चंद्रिकाताई, हे छापून येईल तेव्हा तुमचं नाव पहिलं!" सर म्हणाले. तिनं अख्ख्या पाड्याला सांगून टाकलं.

आठ महिन्यांनी सरांचा शोधनिबंध छापून आला. इंग्रजीत तिला स्वतःचं नाव तेवढं वाचता यायचं. पानन् पान बोट फिरवून पाहिलं, ते कुठेच नव्हतं.

"सर, मी कुठंय?"

"शेवटी आभार मानलेत ना, प्राणिगृहातल्या कर्मचाऱ्यांचे."

"त्यात तर पाण्याचा टँकरवाला पण येतो!"

"ताई, नावाला डिग्री लागते हो. बरं, कापूस वरून खाली फिरवता की खालून वर? पुढच्या निबंधात लिहायचंय."

चंद्रिकेच्या ओठांवर शिवी आली. पण हातातल्या उंदराचं पोट दगड झालं होतं, त्याचा काय गुन्हा? तिनं कापूस भिजवला, सरांकडे पाठ केली आणि त्याला मोकळं केलं. सर वाकून बघायला लागले, तशी ती आणखी वळली.

"शेळीला विचारा," ती म्हणाली. "तिच्याकडे पण डिग्री नाही."