वेळेआधी पडलेला टोल

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात साखळीला टांगलेला असतो तोच. शिपाईमामा मला लोखंडी कांबीने ठोकतात आणि तुम्ही दप्तरे उचलून पळत सुटता. संध्याकाळच्या घंटेच्या वेळी तुम्ही माझ्याकडे ज्या प्रेमाने बघता, तसे प्रेम मला जन्मात कुणी दिले नव्हते. म्हणूनच एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवणे मला जड जाऊ लागले आहे. तुम्ही समजता तितका मी चांगला नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला हे मला सांगता येणार नाही. लोखंडाला आपले आजोळ आठवत नाही. मला कळू लागले ते मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधल्या लाइनीवर. वीसेक वर्षे माझ्या पाठीवरून कापसाच्या गाठी मुंबईकडे गेल्या. ते काम सरळ होते. ओझे यायचे, निघून जायचे, आणि त्यात कुणाचे वाईट होत नव्हते. पुढे मला तडा गेला. लाइनीवरच्या लोकांनी मला उपसून भंगारात टाकले, आणि माझा दीड हात लांबीचा चांगला तुकडा उकंडराव पाटलांच्या नजरेस पडला. पाटील म्हणजे तुमच्याच गावचे पाटील. त्यांची नातवंडे आज तुमच्याच बाकावर बसतात. आजोबांच्या गोष्टीवरून त्यांना चिडवू नका, ती पोरे भली आहेत.

लोहाराने मला एक भोक पाडले आणि चावडीच्या आढ्याला माझी स्थापना झाली. कशासाठी, ते ऐका. तेव्हा आपला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता आणि राज्य इंग्रजाचे होते. त्या सरकारने काही जातीच्या जाती कागदावर गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. चोरी कुणी केली हे बघायचे कारणच नव्हते, त्या जातीत जन्म झाला की झाले. गावाबाहेर टाकणकारांची पाच घरे होती, त्यांच्यावरही ते नाव पडले. जाते वापरून वापरून गुळगुळीत झाले की ज्वारी नुसती भरडली जाते, पीठ होत नाही. मग टाकणकार येऊन छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा टाके मारायचे. गावोगाव फिरल्याशिवाय हा धंदा चालायचा नाही, आणि फिरायलाच तर त्यांना बंदी होती. सकाळी आणि सांजेला चावडीवर हजेरी द्यायची. बाहेरगावी जायचे तर पाटलाचा दाखला घ्यायचा आणि सांजेच्या घंटेच्या आत परतायचे. घंटेला माणूस नसला तर तो गुन्हा.

ती घंटा म्हणजे मी. खरे सांगतो, मला त्याचा फार तोरा होता. एक टोल पडला की पाच घरांतली म्हातारीकोतारी, तापाने फणफणलेली माणसे, ओल्या बाळंतिणीसुद्धा धावत येऊन रांगेत उभ्या राहत. लाइनीवर असताना माझ्यासाठी कुणी कधी धावले नव्हते. ते भीतीने धावतात हे मला दिसत होते. पण मला वाटे, हा आपला दरारा आहे. पाटीलही पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने माझा आवाज ऐकवत.

मला वाजवायचे काम कोतवाल कडूबाचे. घड्याळ गावात नव्हते. मावळतीचे ऊन वडाच्या शेंड्यावरून उतरले की कडूबा सांजेचा टोल द्यायचा. सूर्य असेपर्यंत त्याचे काही चुकत नसे.

ज्या वर्षी जगातली दुसरी मोठी लढाई संपली, त्या वर्षीची गोष्ट. श्रावण आणि रमजान बरोबरच लागले होते. चार दिवस आभाळ असे दाटले होते की दुपार कुठली आणि संध्याकाळ कुठली ते समजत नव्हते. सुपडा टाकणकार सकाळची हजेरी देऊन, दाखला घेऊन दोन कोसांवरच्या गावाला टाकी लावायला गेला होता. इकडे पाटलांना दुसरबीडला लेकीकडे जायचे होते. दमणीला बैल जुंपलेले, आणि नदी वाढत चाललेली. ते चावडीवर आले आणि म्हणाले, "कडूबा, वाजव बे घंटी. हाजरी उरकून मले निघा लागते."

कडूबा म्हणाला, "मालक, दिवस हाय ना आजून."

"सूर्य दिसते का तुले? वाजव."

आणि मी वाजलो. मित्रांनो, लोखंडाला नाही म्हणता येत नाही हे खरे. पण त्या दिवशी मला नाही म्हणावेसे वाटलेसुद्धा नाही. ढगाळ हवेत माझा आवाज जड होतो आणि लांबवर जातो. तो कसा घुमला याचेच मला कौतुक वाटत होते.

नावे पुकारली गेली. सुपड्याच्या नावाला कुणी ओ दिली नाही. त्याची बायको झुंबरबाई दोन्ही हात जोडून म्हणाली की तो येऊनच राहिला असेल, घडीभर थांबा. पाटलांनी गैरहजर लिहिले, वही बंद केली आणि दमणीत बसले. त्यानंतर बऱ्याच वेळाने सुपडा आला. तेव्हाही माणसाचे तोंड ओळखू येईल इतका उजेड होता. अंगावरून पाणी निथळत होते, खांद्याला हत्यारांची झोळी होती. चावडीत कडूबाशिवाय कुणी नव्हते. तो रोजच्या जागेवर एकटाच उभा राहिला आणि बंद दाराला म्हणाला, "सुपडा हाजर." कडूबाने तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवशी शिपाई त्याला घेऊन गेले. ही त्याची दुसरी गैरहजेरी होती, त्यामुळे सहा महिने सक्तमजुरी होणार असे सगळे म्हणू लागले. घरात तीन लेकरे. झुंबरबाईला नवऱ्याचे तोंड तरी बघायला तालुक्याला जायचे होते. पण तालुका दिवसभराच्या वाटेवर, आणि तिला तर सकाळी मी बोलवायचो आणि सांजेला पुन्हा मीच. दाखला मागितला तर पाटलांनी दिला नाही. म्हणजे नवऱ्याला मी आत घातले होते आणि बायकोला मीच दाव्याला बांधून ठेवले होते. रांगेत उभी राहिल्यावर ती एकदा वर माझ्याकडे बघायची. त्या दिवसांपासून माझा तोरा गेला, तो गेलाच.

चिखलीला तेव्हा एक साहाय्य मंडळ होते. किराणा दुकानाच्या वरची एक खोली, एक कपाट, फी न घेणारे दोन वकील आणि भगवानराव नावाचे निवृत्त मास्तर. ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही त्यांच्या बाजूने बोलायचे, हेच त्यांचे काम. शहाणे लोक त्यांना रिकामटेकडे म्हणत. झुंबरबाईचा निरोप कुणीतरी तिथे पोचवला आणि भगवानराव सायकलवर निघाले. उंद्रीच्या पुढे चिखल इतका होता की अर्ध्या वाटेवर सायकलच त्यांच्या खांद्यावर बसून आली.

त्यांनी चावडीवर बसून कडूबाला विचारले, घंटा किती वाजता दिली. कडूबा जमिनीकडे बघत म्हणाला, "सांजच्यालेच देल्ली." तो खोटे बोलत होता आणि त्याच्या डोक्यावर टांगलेल्या मला ते ठाऊक होते. पण खरे बोलावे तर कोतवालकी जाणार, आणि त्याच्याही घरी पाच तोंडे खाणारी. भगवानराव मग घरोघर फिरले. सगळ्यांचे एकच उत्तर, सांजेलाच झाली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

शेवटी ते हैदर पिंजाऱ्याच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकले. पुढचे मी पाहिलेले नाही, हैदर नंतर पुष्कळदा चावडीवर बसून सांगायचा. तो मास्तरांना म्हणाला की आम्ही गरीब, पाटलांचा कापूस पिंजून पोट भरतो, आम्हाला यात ओढू नका. तेवढ्यात आतून त्याची बायको सुगराबी दाराशी आली. तिने सांगितले की त्या दिवशी घंटा ऐकून तिला मगरीबची, म्हणजे दिवस मावळतीच्या नमाजाची वेळ झाली असे वाटले. मशीद गावाच्या दुसऱ्या टोकाला. पावसात अजान ऐकू आली नसेल असे समजून तिने पाणी पिऊन रोजा सोडला. मग जात्यावर बसून शेरभर ज्वारी दळली, चूल पेटवली, तवा ठेवला. आणि तेव्हा कुठे अजान आली. म्हणजे दिवस मावळायच्या आधीच तिचा रोजा मोडला होता. तीस वर्षांत असे पहिल्यांदाच झाले होते. लाजेने तिने ते नवऱ्याशिवाय कुणाला सांगितले नव्हते.

भगवानरावांना पुरावा मिळाला होता, पण त्यांनी आग्रह केला नाही. कोर्टात, चार लोकांसमोर, आपल्याच मोहल्ल्यातल्या माणसांसमोर हे सांगावे लागेल, एवढे त्यांनी स्पष्ट सांगितले. हैदर बायकोला नको नको म्हणत होता.  सुगराबी म्हणाली, "माहा रोजा मी ईद झाल्यावर भरून देईन. येका दिवसाची गोठ हाय. त्या मानसाचे सहा महिने कोन भरून देईन?"

कोर्टात सरकारी वकिलांनी तिला विचारले की बाई, तुझ्याजवळ घड्याळ होते का. ती नाही म्हणाली. मग इतकी खात्री कशी, असे त्यांनी विचारले तेव्हा काही लोक हसले. सुगराबी पदर सावरून हळूच म्हणाली, "साहेब, तीस सालात येकच रोजा मोडला. तो कोन्या दिवशी मोडला अन् कायच्यानं मोडला, ते मी इसरीन का?"

मग कुणी हसले नाही. तिच्यानंतर कडूबाची पाळी होती. तो सरकारच्या बाजूचा साक्षीदार होता.  पिंजऱ्यात उभा राहून तो हात जोडून म्हणाला, "बाईचा रोजा म्याच मोडला साहेब. घंटी म्या आधी वाजवली." कुणाच्या सांगण्यावरून, ते त्याने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. सुपडा सुटला. तोपर्यंत दीड महिना होऊन गेला होता. हैदरकडचा पाटलांचा कापूस बंद झाला, आणि सुगराबीला काही दिवस गल्लीतल्या बायकांचे टोमणे ऐकावे लागले. ईद झाल्यावर तिने आपला रोजा धरून पुरा केला. हे सगळे माझ्या एका टोलाचे भोग, आणि ते भोगले मात्र दुसऱ्यांनी.

सुपडा गावात परतला तो दिवस मला विसरता येत नाही. भगवानराव त्याच्या सोबत होते. सांज होत आली होती. ऊन वडाच्या शेंड्यावरून उतरले, पण कडूबा हातात कांब घेऊन नुसता उभा राहिला. त्याचा हात वर होईना. मीही मनात म्हटले, आजच्या दिवस नको. कारण सुपडा खटल्यातून सुटला होता, हजेरीतून नाही. तो कायदा तसाच होता. तेव्हा सुपडाच पुढे आला आणि म्हणाला, "वाजव कडूबा. टायमावर वाजव. तेवढंच तं मांगतलं होतं आमी."

कडूबाने टोल दिला. सुपडा वळून रांगेत जाऊन उभा राहिला, झुंबरबाईच्या शेजारी. भगवानराव खाली मान घालून सायकलकडे गेले. त्या दिवशी ते जिंकले होते, असे लोक म्हणतात. मंडळाने त्यानंतर दरवर्षी सरकारकडे अर्ज केले. इंग्रज गेले तरी मी काही वर्षे दोन वेळा वाजतच राहिलो. मग एके दिवशी कायदा गेला, वही गेली आणि मी चावडीच्या कोपऱ्यात गंजत पडलो. कुणी विचारत नव्हते ते बरेच होते. मग तुमच्या गुरुजींनी मला उचलून इथे आणले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा अशी माझी विनंती नाही. गंज चढला तर चढू द्या. पण शाळेमागच्या ओढ्यापलीकडे एक म्हातारी राहते, तिला तुम्ही पाहिले असेल. ती झुंबरबाई. सुपडा जाऊन आता बरीच वर्षे झाली. रोज अकराला माझा पहिला टोल पडतो आणि ती हातातले काम टाकून उठते, डोक्यावरचा पदर नीट करते आणि अंगणात ताठ उभी राहते. मला इथून सगळे दिसते. थोड्या वेळाने तिला आठवण होते आणि ती खाली बसते. तिच्या सुनेने विचारले तेव्हा म्हणाली, "मले समजते व माय, शाळेची हाय. पन आंग आपसूक उठते."

मी तुमच्यासाठी वाजतो, आणि ती रोज उठून उभी राहते. मला थांबता येत नाही आणि तिला समजावताही येत नाही. म्हणून तुमच्यापैकी कुणीतरी उद्या घंटेच्या थोडे आधी तिच्याकडे जा. तिच्याजवळ बसा. मी वाजलो की तिचा हात धरून ठेवा आणि म्हणा, "बसून राय आजी. हाजरी नाही हाय, आमची शाळा हाय."