सुभेदाराची पेटी

मी पेटी बोलतेय. बानाबाईच्या अंगणात लिंबाखाली ठेवलीय ना, तीच. माझ्या अंगावर वर जाणारा बाण काढलाय आणि त्याच्या शेजारी काचेचा पेला. पेला म्हणजे आत नाजूक माल आहे अशी खूण, त्याच्याशी माझा काही संबंध नाही. कचरूमिस्त्रीचा हात सवयीनं चालला, एवढंच.

कचरूमिस्त्री शेंद्र्याचा. कारखान्यांतल्या मशिनी बाहेरगावी जातात, त्यांना तो लाकडी पेट्या ठोकून देतो. माझ्या बहिणी पार जर्मनीपर्यंत गेल्या. माझ्या नशिबी कुत्रं आलं.

कुत्र्याचं नाव सुभेदार. धनगरी जात, वासराएवढी उंची, आणि भुंकला की एसटीचा ड्रायव्हरसुद्धा ब्रेकवर पाय ठेवायचा. मालकीण बानाबाई. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सुभेदार, दोघंच. लेक शालू बेंगळुरूला कंपनीत. "आई, एकटी राहू नको, माझ्याकडं चल," हा तिचा रोजचा धोशा. शेवटी बानाबाई म्हणाली, "येते. पण सुभेदाराला टाकून नाय." आणि तिनं मेंढरं दिराच्या, सूर्यभानच्या, हवाली केली.

मग शालूनं विमानवाल्यांना फोन लावायला घेतले. पहिले म्हणाले, मांडीवर मावेल एवढंच कुत्रं चालेल.

"मावंल की," बानाबाई म्हणाली. "मांडी कुणाची, तेवढं इचार."

दुसरे म्हणाले, एवढं मोठं जनावर न्यायचं तर आख्खं विमानच भाड्यानं घ्या.

"घे मग. मेंढरं बी नेऊ."

तिसऱ्यांनी मार्ग काढला. विमानाच्या पोटात, सामान ठेवतात तिथं, मजबूत पेटीत घालून नेता येईल. अट एवढीच की कुत्र्याला पेटीत नीट उभं राहता आलं पाहिजे आणि जागच्या जागी फिरता आलं पाहिजे.

कचरूमिस्त्रीनं सुभेदाराला टेप लावला आणि मला तंतोतंत बनवलं. "सुताचा फरक नाय," म्हणाला. खरंच नव्हता. मशीन एकदा मापली की ती जाड होत नाही, हा त्याचा जन्माचा अनुभव.

इकडं सुभेदार विमानात बसणार ही खबर गावात फिरली आणि गावानं त्याचं केळवण मांडलं. लग्न ठरलेल्या पोराला बोलावतात तसं, रोज एका घरी जेवण. शेजारच्या कडूबाईनं पुरणपोळ्या केल्या. सूर्यभाननं मटणाच्या नळ्या घातल्या. "तिकडं काय भेटंल बिचाऱ्याला," असं म्हणत जो तो वाढत होता. बानाबाई घरोघरी सोबत जायची आणि म्हणायची, "वाढा अजून, लाजतंय ते." सुभेदार उभ्या आयुष्यात कशालाच लाजला नव्हता.

निघायच्या दिवशी शालू न्यायला आली. बानाबाईनं मला हळदीकुंकू लावलं, आत तिची जुनी गोधडी अंथरली. टेम्पोतून चिकलठाण्याच्या विमानतळावर आलो. मला वाटलं, उडाले बाई एकदाची!

तिथल्या साहेबांनी सांगितलं, "आत घाला आणि फिरवून दाखवा."

सुभेदार आत शिरला. वळायला लागला. निम्मा वळला आणि अडकला. तोंड या फळीला, बूड त्या फळीला. माझे खिळे कुरकुरले. त्यानं तसंच अडकल्या जागी जांभई दिली.

"मॅडम, नाही जमणार," साहेब म्हणाले. नियम तो नियम, त्यांची काय चूक?

बाहेर पार्किंगमध्ये शालूला रडूच फुटलं. "काय गं आई, किती चारलंस त्याला! आता काय करू मी?"

बानाबाई माझ्यावरच बसली होती, पदराशी चाळा करत. "शालू, एक बोलू? चिडू नको. मला यायचंच नव्हतं गं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू एवढे फोन लावले, पेटी करून घेतली. तोंडातून शब्दच निघंना. तिकडं तू सकाळी जाशील, राती येशील. मला हाक मारायला कोण हाय तिथं? हितं माणसं हायत, मेंढरं हायत."

"आणि मी? तू इथं एकटी आहेस म्हणून मला झोप लागत नाही, आई."

बानाबाईचेही डोळे भरले. तिनं शालूला जवळ ओढलं. "मग येत जा की. तुला काय पेटी लागती व्हय?"

शालू रडता रडता हसली. विमानात ती एकटीच बसली. आम्ही तिघं टेम्पोतून परत आलो.

तर असं माझं आयुष्य. विमान मी फक्त खालून बघते. मेंढरं परत आलीत. हल्ली माझ्यात दोन कोकरं झोपतात आणि चांगली गरागरा फिरतात. सुभेदार दाराशी राखण करतो. आत यायचा हट्ट त्यानं सोडलाय.

तुम्हालाही मोठं कुत्रं विमानानं न्यायचं असेल तर खुशाल न्या, पेट्या कचरूमिस्त्री झकास करतो. फक्त टेप काढायच्या आधी घरातल्या म्हातारीला विचारा, बाई, तुला यायचंय का?

शालू आता सणावाराला विमानानं येते. आली की ओट्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडते. मावते.