एकाच चेहऱ्याची रांग

बुवांच्या दारातली रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती. कालपर्यंत धापा टाकणारी माणसं आज जिना चढत होती. प्रत्येकाच्या तळहातावर पांढऱ्या भुकटीची पुडी ठेवत बुवा सांगत होते, "औषध नव्हे हे, माझी दृष्टी आहे. चेहऱ्यावर तेज चढलं की समजा, रोग गेला."

बेकरीतल्या कारागिराच्या चेहऱ्यावर ते चढलं होतं. वीस वर्षं पिठाच्या धुरळ्यात राबून त्याचा दमा बळावला होता. गेले चार महिने, पुडी सुरू झाल्यापासून, तो आडवा होऊन झोपू शकत होता. गाल गोल, लालसर. बायकोला वाटे, हातचा गेलेला नवरा परत मिळाला.

एकदा नणंद सोबतीला आली आणि रांगेकडे पाहतच राहिली. "वहिनी, दादाला इतके भाऊ कधी झाले गं?"

बायको हसली आणि हसताहसता थांबली. सगळे चेहरे खरोखरच एका साच्यातले होते. भेदरून तिने त्याच संध्याकाळी घरातल्या पुड्या मोरीत ओतल्या.

तिसऱ्या दिवशी कारागीर भट्टीसमोर कोसळला. ओकाऱ्या, थंडगार अंग, तोंडातून शब्द फुटेना.

"बुवांचा कोप आहे. नेऊन पायावर घाल," शेजारीण म्हणाली. बायकोचे पाय तिकडे वळलेही होते. नणंदेने दादाला गाडीत घातले, तिलाही ओढून बसवले आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी रुग्णाचा चेहरा आणि रक्तदाब पाहून आधी इंजेक्शन दिले, मग कसली पुडी, गोळी घेत होते का, असे विचारले. बायकोने बुवांच्या पुडीचे सांगितले.

"मीच फेकली. मीच मारलं का हो त्यांना?"

"वाचतील. पुडीत स्टेरॉइड असणार. घरी पुडीचे रिकामे कागद असतील तर आणा, त्यांना चिकटलेली भुकटी तपासून घेऊ. अंगातल्या काही पहारेकरी पेशी पिठाच्या कणालाही शत्रू समजतात आणि श्वासनलिका सुजवतात. स्टेरॉइड त्या पेशींच्या आत शिरून सूज पेटवणारे निरोपच थांबवतं. म्हणून गुण खराच येतो. पण बेसुमार घेतलं की चेहरा असा फुगतो, आणि शरीर स्वतःचं तसलं संप्रेरक बनवणं सोडून देतं. मग एकदम बंद केलं तर आधारच जातो."

"आता काय करायचं?"

"तेच औषध, पण मोजून; हळूहळू कमी करत आणायचं. दम्यासाठी ओढायचा फवारा देते. आणि पिठात मास्क."

भुकटीत स्टेरॉइडच असल्याचा अहवाल आला, त्याच दिवशी बायको बुवांच्या दारी गेली. तिला पाहून बुवा म्हणाले, "आलीस शरण?"

ती त्यांच्याकडे पाठ करून रांगेशी बोलली. "स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून देतात हे. माझा माणूस मरता मरता वाचला. पण पुडी फेकू नका, मनाने बंदही करू नका. आहे तशी घेऊन दवाखान्यात चला. आणि यापुढे कुणीही काही हातावर ठेवलं, तर गिळण्याआधी विचारा, यात काय आहे."

रांग हलली नाही. मग एका म्हातारीने स्वतःचा गाल चाचपला, शेजारणीचा पाहिला, आणि विचारले, "बुवा, काय आहे हो यात?"