ग्रिलमधला पांढरा सॉस

मालकांनी रविवारी दुपारी सहकुटुंब जेवायला बोलावलं आहे, असं सांगताना यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्या पायांकडे.

"चप्पल काढून बसता येईल ना तुला?"

"कुठे?"

"त्या नव्या ग्रिल हॉटेलात. टेबलाखाली."

हे सॉसच्या कारखान्यात चव घेण्याच्या कामावर आहेत. बावीस वर्षं झाली. तिथे यांना 'काटा' म्हणतात. सोनाराचा काटा एक वेळ चुकेल, यांची जीभ चुकायची नाही, म्हणून. सात महिन्यांपूर्वी यांना ताप आला. तो पाचव्या दिवशी उतरला आणि जाताना चव घेऊन गेला. कडू औषधाचे दोन चमचे घेऊन हे म्हणाले, "पाणीच पाजायचं तर पेल्यात दे." डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. पण कारखान्यात सांगायचं कसं? जीभ गेलेल्या माणसाला चवीच्या खोलीत कोण ठेवणार? आणि यांना दुसरं काही येत नाही. असं मी कमीपणाने म्हणत नाही, हे स्वतःच म्हणतात.

म्हणून रोज संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून सहा लहान बाटल्या घरी येऊ लागल्या. पूजा आटोपली की मी चमच्याच्या टोकावर एकेक घ्यायची आणि सांगायची, याला मीठ कमी, हा टोमॅटो कच्चा, यात व्हिनेगर फार पुढे पुढे करतंय. हे लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचे. तीन महिन्यांनी मालक यांना म्हणाले, "काटासाहेब, वयाबरोबर तुमची जीभ सात्त्विक होत चालली आहे." यांनी ते घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. हसले नाहीत.

जेवायला बसल्यापासून उठेपर्यंत मी बोलत नाही, हा माझा जुना नेम. यांच्या तापानंतर आणखी एक धरला, की यांची चव परत येईपर्यंत लसूण वर्ज्य. लसूणच का, तर मला तो सगळ्यात जास्त आवडतो. नावडतं सोडून देवाला फसवण्यात काही अर्थ नाही. हे तेव्हा म्हणाले होते, "मग तुझा लसूण गेलाच म्हणून समज." यांच्या लेखी माझे नेम म्हणजे घरातलं एक कपाट आहे. आत काय आहे ते मला ठाऊक. हे कधी उघडायला जात नाहीत.

मालक तिथल्या पदार्थांची चव यांना विचारणारच, हे धरून टेबलाखालचा बेत असा होता. मीठ कमी असेल तर मी यांचा पाय एकदा दाबायचा, जास्त असेल तर दोनदा. आंबट असेल तर टाच. सगळं ठीक असेल तर काहीच करायचं नाही.

"पायाने बोललं तर मौन मोडतं का हो?" मी विचारलं.

"पायाला काय जीभ असते?"

"तुमच्या जिभेचं काम करतोय, म्हणजे असणारच."

यांनी आपला पाय जरा वळवून पाहिला.

"आणि मालकांनी मलाच सरळ विचारलं, तर मी खोटं सांगणार नाही," मी म्हणाले.

"तू जेवताना बोलतच नाहीस. विचारून काय करणार ते?"

ग्रिल आमच्या घरापासून चौथ्या गल्लीत, पूर्वी लाँड्री होती त्या गाळ्यात. कपडे टांगायचे लोखंडी दांडे छताला तसेच होते, त्यांना आता पितळी दिवे लटकवले होते. बरोबर वन्सं होत्या. वन्सं, म्हणजे यांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहतात. आठवड्यातले चार दिवस त्या स्वयंपाक करतात आणि उरलेले तीन दिवस मी केलेल्या स्वयंपाकाबद्दल बोलतात. यांच्या जिभेचं त्यांना सांगितलं नव्हतं. वन्संना सांगितलेली गोष्ट सांगावी लागत नाही, ती आपली आपण गल्लीभर जाते.

पाटी वाचून त्या म्हणाल्या, "मेडिटेरेनियन म्हणजे काय रे?"

"भूमध्य समुद्राच्या काठचं."

"एवढ्या लांबून येईपर्यंत गार नाही का होत?"

मालक आधीच येऊन बसले होते. वडिलांच्या माघारी कारखाना तेच बघतात. वयाने यांच्याहून लहान, पण बसतात वडील असल्यासारखे. "या वहिनी. या आत्याबाई." त्यांनी खुर्च्या ओढून दिल्या. मी यांच्या शेजारी बसले, चप्पल काढली आणि त्या क्षणापासून गप्प झाले. मालकांना माझ्या मौनाचं माहीत होतं. ते म्हणाले, "बरं आहे, एकाने तरी नीट जेवायला हवं."

ग्रिलचा मालक शेगडीवर स्वतःच उभा होता. दंडाला भाजल्याच्या जुन्या खुणा, कानामागे पेन्सिल. मी मांसाहार करत नाही, हे मालकांनी त्याला सांगितलेलं असावं. मला म्हणाला, "ताई, तुमचं वेगळं भाजतो. सळयाही वेगळ्या आहेत." मला तो माणूस आवडला. त्याने माझ्यापुढे भाजलेलं वांगं, ढोबळी मिरची, चण्याची मऊ पेस्ट आणि फुगलेला ब्रेड ठेवला, बाकीच्यांना कोंबडी दिली. लसणाचा वास कशालाच नव्हता. वांग्याला धुराचा वास छान लागला होता, मीठ जेमतेम. मी यांचा पाय एकदा दाबला.

"वांग्याला मीठ बेताचं आहे," हे म्हणाले.

"तू वांगं खाल्लंस कधी?" वन्संनी विचारलं.

"दिसतंय ना."

मालकांनी घसा साफ केला. "कामाचं बोलू. या भल्या माणसाचा एक पांढरा सॉस आहे. लोक येतात ते त्याच्यासाठी, कोंबडी आपली निमित्ताला. तो आपल्याला बाटलीत भरायचाय. हा म्हणतो, कृती देतो, पण आधी तुमचा चवीचा माणूस दाखवा. म्हटलं, रविवारी घेऊनच येतो."

शेगडीवाल्याने टेबलाच्या मधोमध एक पांढरी वाटी ठेवली. "यात मी आज एक गोष्ट मुद्दाम चुकवली आहे," तो म्हणाला. "ती कोणती ते साहेबांनी सांगावं. सांगितलं तर कृती तुमची. नाहीतर जेवून जा, माझा राग नाही."

वाटीतला सॉस दह्यासारखा दिसत होता. आम्ही दोघांनीही तो दह्याचाच धरला होता. पाटीवरच्या चित्रातही तसाच दिसायचा, आणि घरी बसून बेत आखताना आत काय असेल ते विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. यांनी तर बोलायला सुरुवातही केली, "दही जरा—"

"दही नावाला नाही साहेब," शेगडीवाला म्हणाला. "नुसता लसूण. लसूण घोटून घोटून असा होतो. बाकी तेल आणि माझ्या दोन गोष्टी."

यांनी ब्रेडचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. चघळताना यांचा चेहरा फार छान होतो, बावीस वर्षांची सवय आहे. टेबलाखाली यांचा पाय माझा पाय शोधत होता. माझा पाय जागच्या जागी होता. ठरल्याप्रमाणे याचा अर्थ सगळं ठीक. पण वाटीत काहीतरी चुकलेलं आहे, हे तर वाटी ठेवणाऱ्यानेच सांगितलं होतं.

"काय म्हणतोय काटा?" मालकांनी विचारलं.

"थांबा. हळूहळू उतरतंय."

सगळे थांबले. यांनी दुसरा तुकडा बुडवला. यांच्या कानशिलावर घाम आला होता. मी ताटाकडे बघत विचार केला. ज्या जिभेसाठी लसूण सोडला, तिची जागाच आज जाणार असेल, तर नेम धरून मी कोणाचं भलं करते आहे? आणि नेम मोडला आणि त्यामुळेच जीभ आली नाही, तर ते कोणी केलं? देवाला विचारायला वेळ नव्हता. मी ब्रेड तोडला आणि वाटीकडे हात नेला.

यांनी माझं मनगट धरलं.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, चारचौघांत यांनी माझा हात कधी धरला नव्हता. वन्सं चावायच्या थांबल्या.

"ठेव तो," हे मला म्हणाले. मग मालकांना म्हणाले, "तिला लसूण चालत नाही."

"मग वहिनींना दुसरं काही मागवू. तुम्ही सांगा ना, काय चुकलंय?"

"मला कळत नाही."

"अजून एक घास घ्या."

"घेऊन उपयोग नाही. सात महिने झाले. मला मीठ कळत नाही, साखर कळत नाही. ही कोंबडी आहे हे मला हाडावरून कळलं."

मालकांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. "मग सात महिने अहवाल कोण देत होतं?"

यांनी माझ्याकडे हनुवटी केली.

"सात्त्विक," मालक हळूच म्हणाले.

"लिंबू," शेगडीवाला म्हणाला. "लिंबू पिळलंच नव्हतं." कोणी विचारलं नव्हतं, पण त्याला ते मनात ठेववलं नसावं. तो शेगडीकडे परत गेला.

"म्हणजे," वन्सं म्हणाल्या, "सात महिने मी जे रांधलं ते तुला लागतच नव्हतं?"

"नाही."

"तू निमूट जेवायला लागलास, मला वाटलं सुधारलास. माझ्या हाताला चव आली असं तूच म्हणालास."

"तू विचारलंस म्हणून म्हणालो, आक्का."

वन्संनी ताट दोन बोटं पुढे सरकवलं. मग कोंबडी गार होईल म्हणून परत ओढलं.

मालकांनी एकेक करून बोटं पुसली. शेवटी म्हणाले, "चवीच्या खोलीची किल्ली द्या."

यांनी खिशातून जुडगा काढला. कडी घट्ट होती. नखाने उघडेना, चमच्याच्या दांड्यानेही उघडेना. शेगडीवाला एक सळई घेऊन आला आणि तिच्या टोकाने त्याने कडी उचकटली. किल्ली टेबलावर पडली. हे म्हणाले, "आभारी आहे."

मालकांनी किल्ली घेतली नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, उद्यापासून तुम्ही येता का?"

"ती उठल्याशिवाय बोलणार नाही," हे म्हणाले.

"मी थांबतो."

ते खरंच थांबले. मी वांगं संपवलं, मिरची संपवली, पेस्टची वाटी ब्रेडने पुसून घेतली. घाई केली नाही, कारण काय सांगायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. तेवढ्यात यांनी लसणाची वाटी पुढ्यात ओढली आणि ती सगळी, तुकडा बुडवून बुडवून, संपवली. आता लपवायचं काही नव्हतं आणि यांना भूक लागली होती. शेगडीवाल्याने कौतुकाने पाहिलं. एवढा लसूण एका बैठकीत त्याच्याकडे कोणी खाल्ला नसावा.

मी उठून हात धुतले, चूळ भरली आणि परत येऊन उभ्यानेच बोलले.

"लसूण असेल ते सोडून बाकी सगळं सांगेन. पण लिहिणार हे. व्हिनेगर पुढे पुढे करतंय, असं मी सांगते. त्याचं काय करायचं, ते यांना कळतं."

"काय करायचं?" मालकांनी यांना विचारलं.

"टोमॅटो शिजवायला सात मिनिटं जास्त," हे म्हणाले. "व्हिनेगरला हात लावायचा नाही."

मालकांनी किल्लीकडे पाहिलं आणि ती बोटाने टेबलाच्या मध्यापर्यंत सरकवली. आमच्याकडेही नाही, स्वतःकडेही नाही. "उद्या दोघं या," ते म्हणाले. "बघू. पण आता 'काटा' म्हणायचं ते तुम्हाला नाही." हे "बरं" म्हणाले. किल्ली यांनी उचलली, पण जुडग्यात घातली नाही, नुसती खिशात टाकली.

परतताना वन्सं वीस पावलं पुढे चालत होत्या. त्यांचा राग निदान बुधवारपर्यंत तरी राहील, असं त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. ऊन होतं. यांच्या अंगाला, श्वासाला, शर्टाला लसणाचा वास येत होता. सात महिन्यांत मी तो इतक्या जवळून घेतला नव्हता. वास घेऊ नये असं मी देवाला कबूल केलेलं नव्हतं, म्हणून मी जरा जवळून चालत होते.

"फार येतोय का?" यांनी विचारलं.

"येतोय."

"कसा आहे?"

"आधी नाकात चढतो," मी म्हणाले. "एकदम. बोटाला सुई टोचावी तसा."

"मग?"

"मग मऊ होतो. मागून गोडसर येतो, अगदी थोडा."

यांनी चालता चालता डोळे मिटले.

"हां," हे म्हणाले. "आठवला."