हाड जुळल्याचा आवाज

कट्ट!

आवाज एवढासाच, पण बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत दाटीवाटीनं बसलेल्या दोनतीनशे माणसांनी तो ऐकला आणि एकदम श्वास सोडला. फळ्यांच्या चौथऱ्यावर सांधेबाबांनी एका मुलाचा हात लाल रुमालात गुंडाळून धरला होता. पायाशी नुकतंच कापलेलं प्लास्टर पडलं होतं.

"ऐकलंत? हाड म्हणजे काय हो? रुसलेलं पोर! डॉक्टर त्याला चुन्याच्या कोठडीत कोंडतात. कोंडून कधी कुणाचा रुसवा गेलाय? मी त्याच्याशी बोलतो. म्हणतो, बाळा, चल घरी. ते येतं. दार लागल्याचा आवाज तुम्ही ऐकलात!"

मुलानं हात वर केला. हात सरळ होता. त्याची आई रडायला लागली, टाळ्यांनी पत्रे दणाणले. चेल्यानं रिकामं प्लास्टर उचलून डोक्यावरच्या तारेला अडकवलं. तारेवर आज सकाळपासून कापलेली अशी दहाबारा प्लास्टरं वाळत घातल्यासारखी लटकत होती.

मागच्या रांगेत प्लास्टरताई बसल्या जागी चुळबुळत होती. सरकारी दवाखान्याच्या प्लास्टरच्या खोलीत तिची बारा वर्षं गेली होती. ओल्या पट्ट्या गुंडाळून गुंडाळून बोटांच्या कडांना भेगा पडल्या होत्या आणि खरं नाव पोरं केव्हाच विसरली होती. दोन वाजता तिची ड्यूटी सुरू होणार होती. तरी ती आली होती, कारण ती आली नसती तर नणंद एकटी आली असती, आणि नणंदेच्या मांडीवर सात वर्षांची भाची होती. गच्चीच्या कठड्यावरून पडून तिच्या डाव्या हाताची कोपर आणि मनगटामधली दोन्ही हाडं मोडली होती. ताईनंच तिला प्लास्टर घातलं होतं, आठ दिवसांपूर्वी.

"वहिनी, तू उगाच तोंड पाडून बसू नकोस," नणंद म्हणाली. "फसवायचं असतं तर परवाच नसतं का उरकलं? मी आले होते ना. चेल्यानं स्पष्ट सांगितलं, हाड अजून कच्चं आहे, पाच आठवड्यांनी या. लबाड माणूस कुणाला परत पाठवतो?"

हेच ताईला टोचत होतं.

"मग पाच आठवड्यांनी यायचं होतंस. आज कशाला?"

"हिनंच धरणं धरलं. म्हणते, आज जुळेल, मला माहितेय."

भाचीनं खाली मान घातली.

तेवढ्यात चेला रांगेतून येऊ लागला. प्रत्येक पोराचा हात हातात घेऊन डोळे मिटायचा, पुटपुटायचा. कुणाला "कच्चं", कुणाला "पिकलं". भाचीचा हात त्यानं उलटा केला, मनगटाची आतली बाजू वर आणली, क्षणभर थांबला आणि मग डोळे मिटले.

"पिकलं! चला, उठा!"

"अगंबाई!" नणंदेनं तोंडावर हात ठेवला. "दोन दिवसांत?"

मनगटाची आतली बाजू. प्लास्टर घातल्याची तारीख ती तिथंच लिहायची. तिनं भाचीचा हात ओढून पाहिला. नऊ तारखेचा नऊ तिचाच होता. पुढचा महिन्याचा आठ मात्र खोडलेला होता आणि त्याच्यावर वाकडातिकडा सात बसला होता.

"हे कुणी केलं?"

"आईला सांगू नको ना मामी," भाची कुजबुजली. "तो दादा आकडेच वाचतो. जुने आकडे असले की आत घेतो. मला आत खूप खाजतंय गं."

ताई काही बोलणार तोच चेल्यानं पोरीला उचललं आणि माणसांच्या डोक्यांवरून चौथऱ्याकडे नेलं. ताई उठली. कुणाच्या गुडघ्यावर पाय पडला, कुणी शिवी हासडली, कुणी पदर ओढला. समोर बाबांनी प्लास्टरला कान लावला होता.

"आहाहा! काय म्हणतंय माहितेय? म्हणतंय, बाबा, मी केव्हाचं तयार आहे!"

चेल्याच्या हातातल्या करवतीचे दाते प्लास्टरला टेकले, आणि ताईनं पातं मुठीत धरलं.

"थांबा. हे प्लास्टर मी घातलंय. आठ दिवस झालेत. आत्ता काढलंत तर हाड सरकेल आणि हात जन्माचा वाकडा होईल."

बाबा हसले. "आठ दिवस? मग चमत्कार केवढा मोठा! आईची श्रद्धा, दुसरं काय!"

गर्दीतून "खरंय, खरंय" उठलं. ताईच्या बोटांतून रक्त येत होतं.

"परवा तुमचाच चेला म्हणाला, पाच आठवडे थांबा. तेव्हापासून बदललं काय? श्रद्धा तीच, आई तीच. बदललीय फक्त इथली तारीख. ती या पोरीनं खोडून बदललीय, आणि तुम्हाला हाडाचा आवाज ऐकू आला!"

"काका," ताई पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्याला म्हणाली, "तारेवरचं कुठलंही प्लास्टर काढा आणि आतल्या बाजूची तारीख वाचा."

चष्मेवाल्यानं एक काढलं, बोटांवर हिशेब केला. "सहा आठवडे." दुसरं काढलं. "साडेसहा." तिसरं. "सहाच."

"लहान मुलाच्या हाताचं हाड बहुतेक वेळा तेवढ्यात जुळतं. हे पोरांना घेतात ते दवाखान्यात प्लास्टर निघायच्या आठवड्यात. कच्ची हाडं परत पाठवतात, म्हणून तर कुणाचा हात बिघडत नाही."

"आणि तो कट्ट?" मघाची आई उभी राहिली होती. "मी कानांनी ऐकला!"

ते ताईलाही ठाऊक नव्हतं. तिनं बाबांच्या हातातला रुमाल हिसकला आणि झटकला. फळ्यांवर आइसक्रीमच्या काड्या पडल्या. काही मोडलेल्या, काही अजून अख्ख्या. चष्मेवाल्यानं एक अख्खी उचलून रुमालाच्या घडीत मोडली.

कट्ट!

पोरं खिदळली. बाबा "हाडं कोपतील, बघाल!" असं ओरडत मागच्या दारानं गेले आणि त्यांच्यामागे चेला. सगळेच काही हसले नाहीत. एक म्हातारी ताईला तोंडावर म्हणाली, "बाई, तुला काय मिळालं गं आमचा देवमाणूस घालवून?"

मघाची आई मुलाच्या हाताकडे बघत होती. "म्हणजे याला बरं कुणी केलं?"

"त्याच्याच अंगानं केलं. आम्ही फक्त हाड जागेवर धरून ठेवलं."

दवाखान्यात ताईनं आधी भाचीचा एक्स-रे काढून घेतला. दिव्याच्या काचेपुढे डॉक्टरांनी फिल्म धरली. दोन्ही हाडांत काळी चीर स्पष्ट दिसत होती. नणंद भिंतीला टेकली.

"यावर करवत चालली असती," ती म्हणाली. मग एकदम चिडली. "पण वहिनी, सहा आठवडे का, ते मला कुणी सांगितलं? तू प्लास्टर घातलंस आणि 'पुढचा' म्हणून ओरडलीस. तो निदान माझ्याशी बोलला तरी!"

ताईनं दाराकडे पाहिलं. बाहेर रांग होती, रोजच असायची, आणि त्या रांगेच्या नावाखाली तिनं बारा वर्षांत एकाही आईला काही समजावलं नव्हतं.

तिनं बोटांना पट्टी बांधली, दार उघडलं आणि आत आलेल्या पहिल्या आईला खुर्चीवर बसवलं.

"बसा. हाड स्वतः जुळतं, पण त्याला वेळ लागतो. मधे कुणी म्हणालं, मी एका क्षणात जोडतो, तर त्याला विचारा, कसं? मलाही विचारा, डॉक्टरांनाही विचारा. उत्तर द्यायचं सोडून जो तुमच्यावरच रागावेल, त्याच्या हातात पोराचा हात देऊ नका. आता सांगा, काय विचारायचंय?"