थोराड करडी आणि तिळ्यांतली काळी

धाकट्या सुनेची खोडच वाईट. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही आणि हाताने मात्र सगळं उलटंपालटं करून ठेवायचं. भांडली असती तर मोठ्या आईंना परवडलं असतं, भांडणात त्यांना कोण हरवणार? पण ही काम उरकून मोकळी.

खाटकाची गाडी दुपारी यायची होती. मोठ्या आईंनी कालच शेळ्यांच्या प्रत्येक करडीचे दात, पाय, छाती बघून निवड केली होती. थोराड पाच कळपात ठेवायच्या, बाकीच्यांच्या गळ्यात लाल दोरी. दोरी म्हणजे खाटीक. तीस वर्षांत त्या दोरीला कुणी बोट लावलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही, आणि तो बिचारा तसाही कशाला बोट लावत नसे.

आज बघतात तर दोरी धिप्पाड तांबूस करडीच्या गळ्यात, आणि काल जिला बांधली होती ती किडकिडीत काळी मोकळी हुंदडतेय. तांबूस तर त्यांची लाडकी, हातावर पाला खाणारी.

धाकटी टाकी घासत होती. मोठ्या आईंनी विचारलं, डोळे फुटले की अक्कल? धाकटीने हात न थांबवता सांगितलं, तांबूस एकटीच जन्मली, आईचं सगळं दूध तिलाच मिळालं, म्हणून ती फुगली. काळी तिळ्यांतली. तिसऱ्या वाट्याच्या दुधावर जगली, म्हणून बारीक.

"तुम्ही दर वर्षी थोराड बघून ठेवता, आई. म्हणजे एकेकच करडू देणाऱ्यांचा वंश ठेवता."

मोठ्या आई म्हणाल्या, चार बुकं शिकून आता शेळ्यांच्या बाळंतपणावर भाषण देतेस होय. म्हणाल्या खरं, पण नजर गोठ्यात फिरू लागली. यंदा चौदा शेळ्या व्याल्या, जुळी तिघींनाच. त्या स्वतः नव्या नवरी होत्या तेव्हा सासूबाई ओली करडं त्यांच्या ओटीत टाकत, आणि ओटी पुरत नसे. ती जुळी-तिळी गेली कुठे? दोन वर्षं मोठ्या आई पाल्याला बोल लावत होत्या, पाण्याला लावत होत्या, आणि सगळ्यांत जास्त धाकटीच्या हाताला. हिच्या हाताला बरकत नाही, असं शेजारणीसमोर, ती ऐकेल एवढ्या आवाजात.

त्या काळीच्या आईपाशी जाऊन खाली बसल्या. कास चाचपली. भरदार, दोन्ही सड सारखे. तिन्ही पिल्लं हिने पाजली होती, एकालाही लाथ मारली नव्हती.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. धाकटी पदर खोचून पुढे झाली, तर मोठ्या आईंनी तिला हातानेच मागे सारलं. तांबूसला स्वतः धरून फाटकापर्यंत नेलं. वाटेत तिचं कपाळ खाजवलं, तिला खाटकाच्या हाती दिलं आणि मागे न बघता परत आल्या. नाक ओढलं. धूळ फार होती.

"निवड तुझी बरोबर," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताला बोल लावला ते माझं चुकलं, शेजारणीलाही मीच सांगेन. पण पुन्हा असं माझ्या पाठीमागे करायचं नाही. माझ्यासमोर करायचं, आणि मी कितीही तोंड सोडलं तरी हात थांबवायचा नाही."